पडदा घाईत पाडायचा नाही

मामाजी,

तुम्हाला जाऊन चार दिवस झाले होते. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तो सिनेमा कोनता व, ज्याच्यापायी तुमी दोघं भांडाचे?"

इतकी वर्षं माझ्या ज्या सासूने आपल्या सिनेमांकडे ढुंकून पाहिलं नाही, तिने हे विचारलं. मी म्हटलं, "स्टेशनमास्तरचा." त्या "हं" म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या. मला मात्र तिथेच रडू फुटलं. तुम्हाला नेलं त्या दिवशी मी रडले नव्हते. घर माणसांनी भरलं होतं, चहाच्या आधणावरून नजर हलवायला फुरसत नव्हती, आणि तुमच्या धाकट्या लेकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कुणीतरी धरून ठेवायला हवं होतं. रडायचं राहून गेलं होतं. ते लसणाच्या वासात, त्या एका शब्दावर आलं.

लोक येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. मेहनती माणूस, सरळ माणूस, वांगी पिकवावी तर यांनीच, कारंजाच्या बाजारात यांची कोथिंबीर कधी शिळी दिसली नाही. सगळं खरं आहे. पण मला राहून राहून वाटतं, यातल्या एकाला तरी ठाऊक आहे का, की हा माणूस सिनेमातला वकील घरातून बाहेर पडून बागेत आला म्हणून हात आपटून रागावला होता? ते मला माहीत आहे. म्हणून हे मी लिहिते आहे, आणि तुम्हालाच लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला यातलं निम्मं कळायचं नाही.

हिंगणघाटला आमच्या कापडाच्या दुकानामागच्या खोलीत तुम्ही मला बघायला आलात तो दिवस आठवतो? आत्याबाईंनी भाकरी थापता येते का, वावरात जायची सवय आहे का, असं सगळं रीतसर विचारून घेतलं. तुम्ही पोहे खात होतात. मग एकदम म्हणालात, "नाटकाची आवड हाय काय तुले?" आमचे बाबा दचकले. मी खाली मान घालून सांगितलं, की कॉलेजात एका नाटकात काम केलंय, स्टेशनमास्तरच्या शेजारणीचं, साखरेची वाटी मागायला येते ती. तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. "मंग मागून दाखव ना साखर!" आणि मी, पोह्यांची बशी हातात धरून, भर बघायच्या कार्यक्रमात साखर मागितली. आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रवी आजही म्हणतो, की मला त्याने नाही, तुम्ही पसंत केलं.

पण लग्नानंतर पहिलं वर्ष माझं कठीण गेलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. डोक्यावर पदर, सासऱ्यासमोर बसायचं नाही, बोलायचं तर आत्याबाईंमार्फत. दिवसभर भाजी तोडायची, निवडायची, जुड्या बांधायच्या. भाजीची गाडी बाजाराला गेली की दुपारी घर असं शांत व्हायचं, की मला माहेरच्या दुकानातला कापड फाडल्याचा आवाजसुद्धा आठवायचा. अशाच एका दुपारी तुम्ही टीव्ही लावलात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलात, "सूनबाई, लवकर ये! वकिलाचं नाटक लागलं हाय, सिनेमा करून!"

मी दाराशी जमिनीवर बसले, निम्मी आत, निम्मी बाहेर. तिथून सुरुवात झाली. पुढे मी दारातून भिंतीशी आले, भिंतीशी होते ती दिवाणाच्या पायथ्याशी आले, आणि केव्हातरी पदर खांद्यावर उतरला तो तुमच्याही लक्षात आला नाही, कारण तेव्हा आपण कडाडून भांडत होतो.

वकिलाचं नाटक तुम्ही तरुणपणी नागपूरला पाहिलेलं. भाजीचा ट्रक रिकामा करून, अंगाला मेथीचा वास घेऊन, अगदी मागच्या रांगेत बसून. ते सगळं नाटक एका बैठकीच्या खोलीत घडतं. सिनेमात त्यांनी वकिलाला कोर्टात नेलं, बागेत नेलं, मोटारीत बसवलं. तुम्ही हात आपटलात. "घरातून बाहेर काऊन काढला त्याले? कोंडून पडले म्हनून तर भांडन होऊन राह्यलं ना बाप्पा! बागेत कोन भांडते?" मी म्हटलं, बागेत तर जास्त भांडतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पहिल्यांदा मोठ्याने हसलात.

पण त्याच सिनेमात ती जागा आली. वकिलाची बायको पाठमोरी उभी राहून किल्ल्यांचा जुडगा चाळवते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ गेला आणि तुम्ही उठून टीव्हीला नाक लावलंत. "अवं, हे तं हासू दाबून राह्यली!" मागच्या रांगेतून तुम्हाला जन्मभर वाटत होतं, की ती रागावली आहे. सगळ्या नाटकाचा अर्थ तुम्ही त्या रागावर रचला होता आणि आमच्या आत्याबाईंनाही तसाच सांगितला होता. त्या संध्याकाळी तुम्ही त्यांना मुद्दाम बोलावून खुलासा केलात, की ती बाई रागावलेली नव्हती. त्या म्हणाल्या, "मले कायले सांगता? तिच्या नवऱ्याले सांगा." पण तुम्ही आठवडाभर खुशीत होतात. नाटक पुन्हा एकदा नव्याने भेटावं, तेही इतक्या जवळून, याचं तुम्हाला कोण कौतुक!

पुढे मोबाईलवरून सिनेमा हवा तिथे थांबवता यायला लागला, तसे नाटकावरचा सिनेमा बघायचे तुमचे कायदे झाले. नट शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा बोलला तर मी हसायचं नाही, कारण "आयुष्यभर त्याची सवय तशी पडली हाय, तो काय करंल." सिनेमावाल्यांनी गाळलेलं पद तुम्ही मधेच म्हणणार, भसाड्या आवाजात, आणि तेवढा वेळ सिनेमा थांबवायचा. आणि सगळ्यात मोठा कायदा पडद्याचा.

गणपतीत गावच्या नाटकाचा पडदा तुम्ही ओढायचात. रंग कधी लावला नाही, वाक्य कधी बोलला नाहीत. विंगेत दोर हातात धरून उभे. अंक कुठे संपतो ते तुमच्या हाताला कळायचं. सिनेमात अंक नसतात हे तुम्हाला मान्यच नव्हतं. खुर्चीत बसल्याबसल्या तुमचा उजवा हात खाली यायचा, "पडदा!" की मी रिमोटचं बटण दाबायचं. चित्र जागच्या जागी गोठायचं. मग चहा. कधी तुमचा अंदाज चुकायचा. एकदा तीन अंकी नाटकाचे आपण पाच अंक केले आणि पोटात चहाचा डबरा झाला. पण बरोबर यायचा तेव्हा असा यायचा, की त्या गोठलेल्या चेहऱ्याकडे बघत आपण दोघं चहा प्यायचो आणि पुढे काय होणार हे माहीत असूनही जीव टांगणीला लागायचा. मी घाईने बटण दाबलं तर ओरडा खायचे. "पडदा घाईत पाडाचा नाई. समोरच्याच्या मनात बसू दे थोडं."

आणि मग स्टेशनमास्तर. तो सिनेमा आपण किती वेळा पाहिला असेल! आधी टीव्हीवर लागला, मग रवीने मोबाईल टीव्हीला जोडून दिला तेव्हापासून हवा तेव्हा. लहानसं स्टेशन, म्हातारा मास्तर आणि त्याची बायको. मुलगा भांडून निघून गेलेला. प्रत्येक गाडीला दोघं कान लावून बसतात. नाटकात गाडी कधी दिसत नाही, नुसती वाजते. शेवटी बाहेर मुरमावर पावलं ऐकू येतात. जवळ येतात, थांबतात, परत फिरतात. म्हातारी नवऱ्याकडे बघते. तो म्हणतो, कुत्रं असेल, आणि कंदिलाची वात खाली करतो. पडदा. नाटक एवढंच. सिनेमावाल्यांनी मात्र दार बाहेरून दाखवलं. मुलगा उभा आहे. कडी वाजवायला हात उचलतो, खाली घेतो आणि निघून जातो.

मी म्हणायचे, सिनेमाने माती केली. कोण आलं होतं ते कळलं नाही, यातच सगळं आहे. तुम्ही म्हणायचात, "कळलं काऊन नाई? पोरगा आलता. दारापर्यंत आलता. मी पाह्यलं ना!" मी म्हणायचे, "मामाजी, मी त्या नाटकात होते. तिथे कुणी मुलगा नसतो. आमचे इतिहासाचे सर विंगेत बूट घालून घमेल्यातल्या मुरमावर नाचायचे." तुम्ही हसून हसून लाल व्हायचात आणि डोळे पुसत पुन्हा म्हणायचात, "काईबी म्हन, आलता तो." अशा वेळी स्वयंपाकघरात आत्याबाई भांडी जरा जास्तच आपटायच्या.

घमेल्याची गोष्ट तुमच्याकडेही होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. एकदा त्याच जागी सिनेमा थांबवून तुम्ही ती सांगितलीत. हे नाटक कारंजात गणपतीत झालं होतं. शेवटचा प्रवेश, समोर सगळं गाव मुसमुसतंय. शिंपीकाका विंगेत पावलं वाजवायला तयार, एक पाय घमेल्यात, एक पाय वर. आणि म्हातारीचा चेहरा बघून तुम्हाला असं भरून आलं, की हातातला दोर सुटला. पडदा खाली. पावलं वाजलीच नाहीत. शिंपीकाका एका पायावर उभे ते उभेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं नाटक असंच आहे. "आपल्या गावात कोनालेच मालूम नाई, का पोरगा आलता म्हनून," तुम्ही म्हणालात. "माह्या हातानं पडदा पडला ना. यिऊ देल्लंच नाई त्याले." मी शिंपीकाकांच्या वर उचललेल्या पायावर हसत होते. तुमच्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं.

तेव्हा मला कळलं, की आपण कुणाबद्दल भांडतो आहोत. माझं लग्न झालं त्याच्या पुढल्याच उन्हाळ्यात प्रमोद भाऊजी घर सोडून गेले. तुमचे थोरले. हायवेला लागून असलेल्या वावरात त्यांना ढाबा टाकायचा होता, तुम्हाला तिथे वांगीच हवी होती. दोघांचंही म्हणणं वाजवी होतं आणि दोघांचेही आवाज गैरवाजवी. ते हैदराबादकडे ट्रकवर गेले. सणाला आत्याबाईंना फोन यायचा. तुम्ही समोर असलात तर त्या फोन घेऊन परसात जायच्या. तुम्ही त्यांचं नाव घेत नव्हतात. त्याऐवजी स्टेशनमास्तरच्या मुलाचं घ्यायचात.

कळल्यावर मी वाद सोडून द्यायला हवा होता, असं कुणी म्हणेल. मला नाही तसं वाटत. मुद्दाम हरणारी सून तुम्ही खपवून घेतली नसती. तुम्ही लगेच ओळखलं असतं आणि टीव्ही बंद केला असता. मग त्या मुलाबद्दल बोलायची तुमची जागाच गेली असती. म्हणून मी भांडत राहिले, उलट जरा जोरातच. नाहीतरी तुम्हाला ऐकायला कमी येऊ लागलं होतं. टीव्ही मोठा, आपण त्याहून मोठे.

शेवटचा सिनेमा नवाच होता, तो मात्र अर्धाच राहिला. दुसऱ्या अंकावर तुमचा हात खाली आला, मी बटण दाबलं, चहा झाला, आणि तुम्ही म्हणालात, "बाकीचा उद्या पाहू. कोथिंबिरीले पानी सोडतो." दुसऱ्या दिवशी सकाळी जुड्या बांधता बांधता तुम्ही बसल्या जागी मागे रेललात. तिसऱ्या अंकात काय होतं ते मी अजून पाहिलेलं नाही. पाहीन बहुतेक. तुम्ही असतात तर शेवटावर आपलं पटलं नसतंच.

भाऊजी तुम्हाला अग्नी दिल्यावर पोहोचले. ट्रक लांब होता. त्यांचे केस पांढरे झालेत, मामाजी, आणि ते चालताना अगदी तुमच्यासारखेच डाव्या पायावर जरा दाबून चालतात. तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुपारी मी ओट्यावर कोथिंबीर निवडत होते. ते येऊन बसले आणि जुड्या बांधायला लागले. हात विसरला नव्हता. मग खाली बघत म्हणाले, "वनिता, एक सांगतो. आईले सांगजो नको. मी येऊन गेलतो एकदा."

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"मांगच्याच्या मांगच्या दिवाळीच्या आधी. अमरावतीले गाडी घेऊन चाललो होतो. समोरच्या ढाब्यावर लावली, चहा घेतला. पाय इकडंच वळले. वांग्याच्या वावरातून आलो, दारापर्यंत आलतो. कडीले हात लावनार, तं आतून टीव्ही. अन् तू अन् बाबा जोरजोरानं भांडून राह्यलते. मंग बाबा हासले. मी लहान होतो तवा हासाचे ना, तसे." त्यांनी जुडीला गाठ मारली. "मले वाटलं, चांगलं चालू हाय घरात. आपुन आत जाऊन कायले बिघडवाचं. मंग गेलो वापस."

एखाद्या नाटकाच्या सिनेमात हे असं दाखवलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. म्हटलं असतं, हा प्रसंग सिनेमावाल्यांनी घुसडलाय. पण समोर तुमचा मुलगा बसला होता, बोटांना कोथिंबिरीचा हिरवा रंग लागलेला. त्या दुपारी आपला कोणता सिनेमा चालू होता, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. अंगणात तुम्हीच चिखल नको म्हणून मुरूम टाकून घेतला होता. त्यावर पावलं वाजली असणारच. टीव्ही मोठा होता म्हणून आपल्याला ऐकू आली नाहीत.

तर मामाजी, वाद संपला. तुम्ही जिंकलात. आलता तो. दारापर्यंत आलता.

हे तुम्ही असताना कळलं असतं, तर तुम्ही मला गावभर चिडवलं असतं, आणि मला ते किती आवडलं असतं! ते आता होणे नाही, याचं दुःख आहे आणि ते जाणार नाही. पण कधी कधी वाटतं, तुम्हाला सांगण्यासारखं यात नवं काही नाही. तुम्ही तर पहिल्यापासून म्हणत होतात, की तुम्ही पाहिलंय. आणखी एक सांगायचं राहिलं. मी या घरात लग्नाने आले, पण हे घर माझं झालं ते दुपारच्या त्या खोलीत, तुमच्याशी भांडता भांडता. हे मी तोंडावर कधी बोलले नाही. तुम्ही म्हणाला असतात, डायलॉग नको मारू, चहा टाक.

काल दुपारी आत्याबाईच म्हणाल्या, "लाव तो मास्तरचा सिनेमा." भाऊजी दिवाणावर बसले. आत्याबाई दाराशी बसल्या, निम्म्या आत, निम्म्या बाहेर, पूर्वी मी बसायचे तिथेच. मी रिमोट घेतला. पहिल्या अंकाला माझा हात आपोआप खाली आला. चहा झाला. दुसऱ्या अंकालाही झाला. भाऊजींनी विचारलं, मधेमधे काऊन थांबवता? आत्याबाई म्हणाल्या, "पडदा हाय तो. चूप बस."

शेवट आला. दाराबाहेर तो मुलगा उभा राहिला, त्याने हात उचलला आणि खाली घेतला. मास्तर म्हणाला, कुत्रं असेल. मला पहिल्यांदाच वाटलं, की सिनेमावाल्यांनी बरं केलं. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला होता, पण डोळे थोरल्याच्या चेहऱ्यावर होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, असं मला आता वाटतं. त्या म्हणाल्या, "पम्या, वांग्याले पानी सोडाचं राह्यलं."

भाऊजी उठले. चपला घातल्या. समोर नावं वर सरकत होती, मी बटणावर बोट ठेवून थांबले. बाहेर अंगणातल्या मुरमावर पावलं वाजली, डाव्या पायावर जरा दाबून. ती वावराकडे गेली. मी ती पूर्ण वाजू दिली आणि मगच पडदा पाडला.